राजाबाईच्या दारातली फळी

बेळगाव,
३ जानेवारी २०२५

ती. आत्यास पारमिताचा स. जयभीम, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून पत्रच बरं, असं पप्पा म्हणतात. मी नाही हं म्हणत. तुझ्या गुडघ्याचं तेल त्यांनी आणून ठेवलंय. निपाणीला येणारं कुणी भेटलं की पाठवतो.

आता दुकानाची बातमी. ‘राजाबाई कॉफी’ला मार्चमध्ये दोन वर्षं होतील. उद्यमबागच्या रस्त्यावर तुझ्या आईचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत बघून पहिल्या दिवशी तू पदर डोळ्यांना लावलास आणि लगेच साखर कमी आहे म्हणून मला झापलंस, आठवतंय ना? त्या नावाला शोभेल असा एक मोठा बदल आम्ही करतोय.

सुरुवातीला आपण चिनी मातीचे कप ठेवले होते. ते फुटायला लागले, धुवायला माणूस टिकेना, म्हणून कागदी कप आणले. आता त्या कागदी कपांनी जीव नकोसा केलाय. फाउंड्रीची सकाळची पाळी सुटली की तासाभरात शंभर-दीडशे कप, आणि सगळे पुढच्या गटारात. मागच्या पावसाळ्यात गटार तुंबलं तेव्हा शेजारचा लेथवाला माझ्या नावानं शंख करत आला होता. त्याचं काही चुकलं नव्हतं.

म्हणून कागदी कप कायमचे बंद. मी आणि तेजस्वीनं (माझी भागीदार, गुंजीची, जिनं तुला मधाची बाटली दिली होती ती) नवी पद्धत बसवलीय. नेहमीच्या गिऱ्हाइकानं आपला कप घरून आणायचा, त्यावर आपलं नाव घालायचं. परशराम सुतारकाकांकडून दाराबाहेर पत्र्याखाली लांब फळी करून घेतलीय, चाळीस खणांची. माणूस आला, आपल्या खणातला कप उचलला, खिडकीतून आम्ही त्यात कॉफी ओतली, पिऊन झाली की बाहेरच्या नळावर कप धुतला आणि फळीवर पालथा ठेवला. कचरा नाही, फुटणं नाही, धुणाऱ्याची मिनतवारी नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी काचेचे थोडे ग्लास ठेवलेत. सवय व्हावी म्हणून एक तारखेपासून सुरू केलं आणि बत्तीस कप लागलेसुद्धा!

रीतसर उद्घाटन २६ जानेवारीला, झेंडावंदनानंतर. फीत तू कापायचीस. पहिला खण तुझा आहे, त्यावर मी स्वतः लाल रंगानं तुझं नाव लिहिलंय. फोटो सोबत आहे. येताना तेवढा तुझा कप घेऊन ये.

तुझ्या लोभाचे वाटेकरी पुष्कळ आहेत, त्यातला माझा वाटा तेवढा राखून ठेव.

तुझी,
पारमिता


निपाणी,
७ जानेवारी २०२५

चि. पारमिता हिस अ. आ. आशीर्वाद रागातही द्यावे लागतात, म्हणून दिले.

पत्र वाचलं. फोटो बघितला. चष्मा पुसून परत बघितला. मी येणार नाही.

एकतीस वर्षं शाळेत पोरांना सांगत आले की राग आला तर शंभरपर्यंत आकडे मोजा. आज मी चारशेपर्यंत मोजून लिहायला बसलेय आणि तरी पेन कागदातून आरपार जातंय.

दाराबाहेर फळी. फळीवर कप. घेणाऱ्यानं बाहेर उभं राहून घ्यायचं, देणाऱ्यानं वरून ओतायचं, प्यायलेला कप ज्याचा त्यानं विसळून पालथा घालायचा. हे तू शोधून काढलंस असं तुला वाटतंय? अगं पोरी, तुझ्या जन्माआधी कितीतरी वर्षं या मुलखातल्या हॉटेलांच्या दारात हे असंच होतं, आणि ते आमच्यासाठी होतं. बाकीचे आत बसायचे. आमचे कप बाहेर फळीवर असायचे. तुझ्या परशराम सुतारानं काम नेटकं केलंय, एवढाच काय तो फरक. त्या वेळी फळीला रंधा मारायची कुणाला गरज वाटत नव्हती.

आणि हे कुठे, तर माझ्या आईच्या नावाच्या पाटीखाली! दुसऱ्या कुणी केलं असतं तर चार शब्द सुनावून गप्प बसले असते. पण राजाबाईच्या नातीनं राजाबाईच्या नावाखाली फळी लावावी? वर मुहूर्त काढला तो २६ जानेवारीचा! आणि पहिला खण माझा, लाल अक्षरात. शाबास!

दोनातलं एक कर. फळी उतरव. ती उतरवायची नसेल तर पाटीवरचं माझ्या आईचं नाव उतरव. पेंटर तुला मिळत नसेल तर मी इथून पाठवते. २६ तारखेच्या आत मला कळव.

तेल पाठवू नकोस. गुडघे ठीक आहेत.

लोभ कुठे जात नाही, पण सध्या तो दार लावून बसलाय.

तुझी आत्या,
तानीबाई


बेळगाव,
११ जानेवारी २०२५

ती. आत्यास स. जयभीम, वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग मलाही राग आला. तुझीच भाची आहे, तो काही मी गिळणार नाही.

मी अडाणी नाही. दोन कपांची गोष्ट मला माहीत आहे. पुस्तकात वाचलीय, दर जयंतीला भाषणात ऐकलीय. पण तिथे काही माणसं आत होती आणि काही बाहेर. इथे सगळेच बाहेर आहेत. सुपरवायझर, हमाल, तेजस्वी, मी, सगळ्यांचे कप एकाच फळीवर. कुणावर सक्ती नाही. मोठ्या शहरांत लोक आपापला कप पिशवीत घालून हिंडतात, त्यांचं कौतुक होतं. तेच मी केलं तर माझ्या आजीचं नाव पुसायचं? ते नाव तुझ्या आईचं आहे तसं माझ्या आजीचंही आहे. मी तिला बघितलं नाही, ती माझ्या जन्माआधी गेली, म्हणून काय माझा हक्क कमी झाला?

पप्पांना विचारलं. ते जेवत होते. तुझं पत्र वाचलं, भाकरी ताटात तशीच ठेवून उठले आणि बाहेर जाऊन गाडी पुसत बसले. गाडी सकाळीच धुतली होती. मी मागे लागले तेव्हा एवढंच म्हणाले की आक्काला विचार, सांगायचं न्हाय असं तिनंच बजावलंय. म्हणजे काहीतरी आहे, ते तुम्हा दोघांना माहीत आहे आणि ज्याच्यावरून मला फासावर चढवताय ते मलाच माहीत नाही. ही कुठली रीत?

अजून एक सांगते, मनात अठरा-वीस वर्षं आहे. मी नऊ वर्षांची होते. जत्रेतून माझं नाव घातलेला कप घेऊन तुझ्याकडे सुट्टीला आले होते. तू तो बघितलास आणि काही न बोलता त्यात माती भरून कोरफड लावलीस. मी दोन दिवस रडत होते. तुझ्या घरात कुणाचाच कप ठरलेला का नसतो, असं विचारलं तर म्हणालीस, शिस्त आहे. मी तेही ऐकलं. तुझं सगळं ऐकत आले.

आता बत्तीस माणसांना मी काय सांगू? आत्याला राग आला म्हणून कप घरी न्या? मला रागाचं कारण हवंय, नुसता राग नको.

पत्र लगेच टाक. लोभाचं दार आतून लावलेलं असलं तरी मी बाहेर उभीच आहे.

तुझी,
पारमिता


निपाणी,
१५ जानेवारी २०२५

चि. पारमिता हिस अ. आ. या वेळी सगळे दिले, हातचे राखले नाहीत.

तुझं बोलणं खरं आहे. सांगितलं नाही ही चूक माझी. तुम्ही पोरं ताठ मानेनं वाढत होतात, त्या मानेवर आमचं ओझं कशाला, असं वाटलं. बुद्धप्रियला, म्हणजे तुझ्या बापाला, मीच तोंड उघडू दिलं नाही. आता ऐक.

साल एकसष्ट. मी नऊ वर्षांची, तुझ्या त्या जत्रेतल्या कपाच्या वयाची. आपण दीक्षा घेऊन पाच वर्षं झाली होती. आप्पा आणि आई दोघंही तंबाखूच्या वखारीत कामाला. चिकोडीकडे आईच्या मावशीच्या घरी लग्न होतं, ते उरकून आम्ही दोघी परत येत होतो. एका फाट्यावर मोटार थांबली. समोर हॉटेल. आईनं सवयीनं बाहेरच्या फळीवरचा कान तुटलेला कप उचलला. मी दारातून आत बघत होते. टेबलावर एक रिकामा कप होता, पांढरा, निळ्या काठाचा. मला तो इतका आवडला की मी आत गेले आणि तो उचलला. एवढाच माझा गुन्हा.

मालक ओरडला नाही. माझ्या हातातून त्यानं तो कप दोन बोटांनी काढून घेतला, मेलेला उंदीर धरावा तसा, आणि रस्त्याकडेच्या गटारात फेकला. आत बसलेली माणसं हसली. ते हसू मला आजही ऐकू येतं गं, बाकी काही येत नसलं तरी. आईनं माझ्यावर हात उचलला नाही. ती गटारात उतरली. मोटारवाला हॉर्न वाजवत होता, माणसं बघत होती, आणि ती चिखलात हात घालून कप शोधत होती. सापडला. पदरानं पुसला आणि मला घेऊन मोटारीत बसली. बुडाला एक टवका उडाला होता, बाकी कप धड होता.

घरी आल्यावर तिनं चहा केला. त्या कपात आधी शेजारणीला दिला, मग आप्पांना, मग मला, शेवटी स्वतः घेतला. म्हणाली, हितनं पुढं माझ्या घरात कुठल्याच कपाला मालक न्हाय. ती शिस्त ही. आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत तिनं कुठल्याही हॉटेलात घोटभर चहा घेतला नाही. म्हणून तुझ्या दुकानात पहिल्या दिवशी मी आत, मधल्या टेबलाशी बसून तिच्या नावानं प्यायले. साखर कमी नव्हतीच. मला रडू लपवायचं होतं.

तू म्हणतेस, इथे सगळेच बाहेर आहेत. मग आत कुणाला बसवलंस, खुर्च्यांना? आणि अजून एक बघ. फळी कुणासाठी आहे हे फळीवर लिहिलेलं नसतं. ते तिच्याकडे बघणाऱ्याला कळतं. तुझ्याकडे आधी रोज येणारे आणि एक तारखेपासून न येणारे कोण कोण आहेत, त्यांची एकदा चौकशी कर. मग मला सांग, मी उगीच आरडाओरडा करते का ते.

दार उघडलंय. लोभाला सांगितलंय की पोरीला आत घे, पण कान धरून.

तुझी आत्या,
तानीबाई


बेळगाव,
२० जानेवारी २०२५

ती. आत्यास स. जयभीम, वि. वि.

तुझं पत्र मी दुकान उघडायच्या आधी वाचलं, आणि मग दुकान तासभर उघडलंच नाही. तेजस्वीला वाचून दाखवलं. तिनं तिथल्या तिथे गुंजीला आजोबांना फोन लावला आणि विचारलं, आपल्याकडच्या हॉटेलात अशी फळी होती का. नागोजी आजोबा म्हणाले, व्हय, हुती की, आम्ही आत बसायचो. इतक्या सहज म्हणाले की तिनं फोनच ठेवला.

तू म्हणालीस तशी चौकशी केली. मष्णूकाका आणि त्यांच्याबरोबरचे दोघे, फाउंड्रीत साचे भरणारे, पहिल्या दिवसापासूनची गिऱ्हाइकं. एक तारखेपासून दिसले नव्हते. मला वाटलं होतं, कप आणायचा कंटाळा. लाज वाटते सांगायला, पण मी तेजस्वीजवळ तसं बोललेही होते. पाळी सुटायच्या वेळी गेटवर जाऊन उभी राहिले. काका म्हणाले, तुझ्यावर राग न्हाय पोरी, पण फळी बघितली आणि पाय आपसूक मागं फिरलं, आमच्या गावातबी हुती. मग मला का नाही सांगितलं, असं विचारलं. तर म्हणाले, तू आपल्यातलीच, तुला कोणत्या तोंडानं सांगायचं? आत्या, त्यापेक्षा त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता खरी गोष्ट ऐक. वर्कशॉपचे सुपरवायझर समर्थ साहेब, फळीवर पहिला कप त्यांचाच लागला होता. मी त्यांना सांगितलं की फळी उतरतेय, इथून पुढे कप सगळ्यांचे एकत्र. ते म्हणाले, कशाला उतरवता, लई चांगली सोय होती. सुरुवातीला चिनी मातीचे कप होते तेव्हा या कामगारांच्या तोंडचे कप आपल्या वाट्याला यायचे, आता निदान आपला तो आपला. आणि हे इतकं गोड हसून म्हणाले की मला कळायलाच थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा अंगाची लाही झाली. म्हणजे मी गटार साफ करायला निघाले आणि या माणसाच्या मनातलं बिनबोभाट करून दिलं! मी सुतार बोलावला, मी रंग आणला, मी फोटो काढून मिरवला! त्यांचा कप फळीवरून काढला आणि त्यांच्या हातात दिला. सांगितलं की हा घरी न्या, राजाबाईच्या घरात कुठल्याच कपाला मालक नसतो.

कागदी कप मात्र मी परत आणणार नाही, त्यावर मी ठाम आहे. नवी पद्धत अशी. ज्यांनी कप आणले होते त्यांना विचारलं की हा दुकानाला कायमचा देता का. एकतीस जणांनी दिले. नावं घासून काढली. परशरामकाकांनी फळीची गोष्ट ऐकली आणि घरातले अजून सहा आणून दिले, मजुरी घेतली त्याचं वाईट वाटलं म्हणून. आता सगळ्यांचा एकच ढीग, हाताला येईल तो कप, प्यायचं आत बसून. धुणं आत, कढत पाण्यात, मी आणि तेजस्वी आळीपाळीनं करतो. काचेचे ग्लासही काढून टाकले. फळी उतरवली आणि त्याच लाकडाचं आत बसायला बाक केलं. तुझं नाव रंधा मारून घालवलं. मष्णूकाका काल येऊन त्यावर बसून गेले, दोन वेळा कॉफी घेतली.

पाटी अजून तशीच आहे. तिचं काय करायचं ते तू २६ तारखेला ये आणि सांग. मी शिडी तयार ठेवलीय.

चूक पदरात घे, आणि कान धरलेलाच असू दे, पण लोभ सोडू नकोस.

तुझी,
पारमिता


निपाणी,
२३ जानेवारी २०२५

चि. पारमिता हिस अ. आ.

शिडी परत कर. पाटीला कुणी हात लावायचा नाही. आणि पेंटरचं म्हणशील तर मी कुणाला सांगितलंच नव्हतं, तुला घाबरवायला लिहिलं होतं.

मी येतेय. सकाळच्या पहिल्या बसनं निघते, बुद्धप्रियला स्टँडवर यायला सांग आणि गाडी पुसत बसू नको म्हणावं. तेल तेव्हाच घेईन, गुडघे ठीक नाहीत. फीतबीत काही नको.

कप घेऊन ये म्हणाली होतीस. आणतेय. आईचा, निळ्या काठाचा. तो कधी कपाटात जपून ठेवला नव्हता, रोजच्या वापरात होता. लहानपणी तू त्यात दूध प्यायली आहेस, बुद्धप्रिय प्यालाय, दूधवाला, पोस्टमन, सगळे प्यालेत. तो तुझ्या ढिगात टाक. काचेआड ठेवून त्याला हार घालशील तर तिथल्या तिथे भांडेन. कुणाला दाखवू नकोस, सांगू नकोस. मला हाताला येईल त्या कपात दे.

आणि त्या समर्थ साहेबाचा मला तुझ्याहून जास्त राग आलाय. पण तो परत आला तर त्याला बाहेर उभा करू नकोस. आत बसव. ढिगातला कप दे. माझ्या आईनं काढलेली रीत त्यालाही लागू आहे.

लोभ पिशवीत घालून आणतेय, सांडला नाही तर भेटूच.

तुझी आत्या,
तानीबाई


बेळगाव,
६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास स. जयभीम, वि. वि.

तू सुखरूप पोचलीस हे कळलं. तू गेल्यापासून गिऱ्हाइकं विचारतात की कॉफीला नावं ठेवणाऱ्या त्या बाई परत कधी येणार. साखर खरंच कमी होती का, की पुन्हा रडू लपवत होतीस?

समर्थ साहेब मंगळवारी आले. दारात घुटमळले. फळी होती त्या भिंतीकडे बघितलं. मी ओठ चावून उभी राहिले. बाक भरलं होतं. मष्णूकाका सरकले आणि त्यांना जागा दिली. साहेब टोकाला बसले आणि दिला तो कप घेतला. माझा राग गेलेला नाही, तो राहू दे. पण काल आणि आजही ते आले.

तुझ्या आईचा कप ढिगात टाकला. निळ्या काठाचे परशरामकाकांकडचेही चार आहेत, त्यामुळे नुसता बघून तो ओळखू येत नाही. काल दुपारी मोरीशी कप धूत होते तेव्हा बुडाशी बोटाला टवका लागला. मी थांबले. सकाळपासून साठ-सत्तर माणसं येऊन गेली होती. मष्णूकाका होते, कॉलेजच्या मुली होत्या, समर्थ साहेब होते, शेजारचा लेथवाला होता. यातलं कोण त्या कपात पिऊन गेलं, मी खूप आठवून बघितलं, मला सांगता येईना. मग तो धुतला आणि बाकीच्यांत पालथा ठेवला.

आता लोभालाही मालक नको. जो येईल त्याला दे, थोडा मलाही.

तुझी,
पारमिता